आधी माणसांची यादी, मग भिंती : संघर्षानंतर दवाखाना आणि शाळा पुन्हा सुरू करण्याचा मार्ग

संकटात सापडलेल्या भागाकडे पुण्याहून मदत जाणे नवीन नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना पुण्यात आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली आणि वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातूनच उभे राहिले. काश्मिरी मुलांच्या शिक्षणासाठी सरहद आणि तेथील अनाथ मुलींच्या निवासासाठी बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशन या पुण्याच्याच संस्था काम करत आल्या आहेत. सशस्त्र संघर्ष नुकताच शमलेल्या प्रदेशात, मग तो देशातील असो वा देशाबाहेरचा, आरोग्य किंवा शिक्षणाचे काम उभे करू इच्छिणारे डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि विश्वस्त यांच्यासाठी हा लेख आहे.

भूकंपाचा अनुभव येथे अर्धाच उपयोगी पडतो. भूकंपानंतर गावातील परिचारिकेकडे किंवा मास्तरांकडे कोणी संशयाने पाहत नाही. संघर्षानंतर मात्र दवाखान्यातील माणूस कोणाच्या बाजूचा होता, त्याने कोणावर उपचार केले आणि कोणाला परत पाठवले, हे प्रश्न रुग्ण दारात येण्यापूर्वीच गावात चर्चिले गेलेले असतात. इमारत पडली म्हणून सेवा बंद पडली असे फार थोड्या ठिकाणी घडते. कर्मचारी पळाले, त्यांचा पगार थांबला, औषधे येईनाशी झाली आणि लोकांचा विश्वास उडाला, म्हणून ती बंद पडलेली असते. त्यामुळे पुनर्उभारणीचा क्रमही माणसे, पगार, पाणी, औषधे आणि सर्वांत शेवटी बांधकाम असा ठेवावा लागतो. देणगीदारांना हा क्रम सहसा रुचत नाही, कारण पगाराच्या पत्रकावर कोनशिला बसवता येत नाही.

निघण्यापूर्वी पुण्यातच करायची कामे

काम परदेशात असेल तर पहिली भेट सनदी लेखापालांची घ्यावी. भारतातील धर्मादाय न्यासाने आपले उत्पन्न देशाबाहेर खर्च केले, तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या परवानगीशिवाय त्या खर्चावर आयकराची सवलत मिळत नाही. शिवाय पैसे बाहेर पाठवताना परकीय चलनाचे नियम लागू होतात ते वेगळेच. ही परवानगी हातात येण्यापूर्वी देणग्या गोळा करून ठेवल्यास पैसे बँकेत आणि लोक वाटेत, अशी स्थिती होते. काम मणिपूर, बस्तर किंवा काश्मीरमध्ये असेल तर हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र जिल्हाधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांच्याशी लेखी समन्वय झाल्याशिवाय निघू नये.

दुसरी तयारी माहितीची. अफगाणिस्तान, येमेन, सुदान, इराक या देशांतील विद्यार्थी गेली कित्येक वर्षे पुण्यात शिकत आले आहेत. ज्या भागात जायचे तेथील एखादा पदवीधर किंवा संशोधक विद्यार्थी शहरात सापडला, तर कोणत्या दवाखान्यात कोणत्या टोळीचे लोक जात नाहीत, मुलींची शाळा कोणत्या मोहल्ल्यात चालू शकते, कोणत्या महिन्यात रस्ते बंद होतात, हे तो अर्ध्या तासात सांगतो आणि ते कोणत्याही अहवालात मिळत नाही. त्याच्या नातेवाइकांची नावे व दूरध्वनी क्रमांक मात्र व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नयेत. आपल्याला ती संपर्काची सोय वाटते, पण तिकडे त्याच यादीमुळे एखाद्याच्या जिवावर बेतू शकते.

तुकडी निवडताना दहा डॉक्टर नेण्यापेक्षा दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता, एक अनुभवी परिचारिका आणि एक हिशेबनीस न्यावा. शाळेच्या कामासाठी उत्साही तरुणांपेक्षा बहुवर्ग अध्यापन केलेले जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक अधिक उपयोगी पडतात, कारण एका खोलीत चार इयत्ता सांभाळण्याचे कसब त्यांच्या अंगवळणी पडलेले असते.

जुनी औषधे गोळा करण्याचा मोह मात्र टाळावाच लागेल. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियात आलेल्या देणगीच्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन औषधे निरुपयोगी ठरली आणि ती नष्ट करणे हेच एक खर्चिक काम होऊन बसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार देणगीचे औषध पोहोचेल तेव्हा त्याची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी, त्यावरील मजकूर तेथील आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता यावा आणि ते घेणाऱ्याने मागितलेले असावे. सोसायटीच्या फाटकाशी ठेवलेल्या खोक्यात जमणाऱ्या अर्धवट पट्ट्या या तिन्ही अटींत नापास होतात. जुन्या मराठी-इंग्रजी पाठ्यपुस्तकांचेही तसेच.

पहिली पाहणी : काय उरले आहे

कोणत्याही इमारतीत पाऊल ठेवण्यापूर्वी तेथील स्फोटके काढल्याचे अधिकृत पथकाकडून लेखी कळले पाहिजे. २०१७ मध्ये इराकमधील मोसुल शहर इसिसच्या ताब्यातून मुक्त झाले, तेव्हा अल-शिफा रुग्णालयाच्या परिसरात न फुटलेली स्फोटके मोठ्या प्रमाणावर सापडली आणि ती काढल्याखेरीज ढिगाराही हलवता आला नाही. अफगाणिस्तानात सुरुंगपेरणी झालेल्या जमिनीच्या कडेला रंगवलेले दगड ठेवलेले असतात, त्यांतील लाल बाजू धोक्याची आणि पांढरी बाजू साफ केलेल्या जमिनीची. अशा स्थानिक खुणा तुकडीतील प्रत्येकाला, चालकासह, पहिल्याच दिवशी शिकवाव्यात. गावातील मुलांना त्या शिकवणे हा शाळेच्या पहिल्या आठवड्याचा पाठ ठरतो.

पाहणीसाठी नवा नमुना तयार करण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेची हेराम्स ही पद्धत प्रत्येक दवाखान्याबद्दल थोडे पण नेमके प्रश्न विचारते : इमारत व उपकरणे कोणत्या स्थितीत आहेत, तेथे पोहोचता येते का, कोणत्या सेवा प्रत्यक्ष मिळतात आणि ज्या मिळत नाहीत त्या कशाअभावी. यातील शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. प्रसूतीची सोय नाही, एवढ्यावर न थांबता ती सुईण नाही म्हणून नाही, वीज नाही म्हणून नाही, की रात्री रस्त्यावर तपासणी नाका आहे म्हणून नाही, हे कळले तरच खर्च योग्य जागी होतो.

यानंतरचे काम दिसायला लहान असले तरी त्यावर सर्वाधिक वेळ द्यावा. कोण उरले आहे याची यादी करावी. १९८९ पासून २००३ पर्यंत चाललेल्या यादवीनंतर लायबेरियात डॉक्टरांची संख्या पन्नासच्या आसपास उरली होती, परंतु परिचारिका, सुईणी, कंपाउंडर आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते त्याहून कितीतरी अधिक होते. शिक्षणात तर लोकांनी बहुधा वाट पाहिलेलीच नसते. १९९० च्या दशकात कोसोवोतील अल्बेनियन समाजाने सरकारी शाळांबाहेर पडून घराघरांत वर्ग भरवले. एल साल्वादोरमध्ये युद्धकाळात गावांनी स्वतः शिक्षक नेमून शाळा चालवल्या आणि १९९१ पासून एदुको या सरकारी योजनेने त्याच घडीवर पुढचे काम रचले. आपण पोहोचू त्या गावातही कोणाच्या तरी ओसरीवर वर्ग चालू असण्याची शक्यता धरूनच जावे. ‘येथे शाळा नाही’ असे अधिकारी सांगत असला, तरी ‘मुले सकाळी कुठे असतात?’ हा प्रश्न आयांना विचारावा.

यादीत नाव, मूळ पद, प्रशिक्षण कोठे झाले, सध्या काय करतो आणि शेवटचा पगार कधी मिळाला, एवढे रकाने पुरेत. धर्म, जमात किंवा युद्धातील बाजू लिहू नये. कागद कोणाच्या हाती पडेल हे आपल्या हातात नसते.

पगार

या टप्प्यावर बहुतेक स्वयंसेवी प्रकल्प घसरतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. युद्धानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत शिक्षक आणि परिचारिका बिनपगारी कामावर येतात. त्यांचा हा उत्साह खरा असतो, परंतु तो एका हंगामापुरता टिकतो, कारण त्यांनाही घर शाकारायचे असते आणि पेरणी करायची असते. त्याच सुमारास आंतरराष्ट्रीय संस्था गावात कचेऱ्या उघडतात आणि चालक व दुभाष्यांना सरकारी डॉक्टरापेक्षा अधिक मोबदला देतात. मग इंग्रजी येणारा डॉक्टर दुभाषी होतो, गणिताचा शिक्षक गोदामाचा पहारेकरी होतो आणि सेवा पुन्हा उभी करायला आलेल्या संस्थांनीच सेवेतील माणसे उचललेली असतात. पुण्याहून गेलेल्या छोट्या संस्थेलाही हा नियम लागू आहे. कार्यरत शिक्षकाला वा परिचारिकेला आपल्या कचेरीत नोकरी देऊ नये.

मानधन द्यायचे झाल्यास दर एकट्याने ठरवू नये. जिल्ह्यातील सर्व संस्था आणि आरोग्य किंवा शिक्षण खाते यांनी मिळून एकच दर ठरवावा, तो सरकारी वेतनश्रेणीच्या जवळचा असावा आणि पुढे सरकार जो देऊ शकेल त्याहून अधिक नसावा. दर ठरल्यावर तारीख पाळावी. थोडे पण ठरल्या दिवशी मिळणारे मानधन माणसाला टिकवून धरते, भरघोस पण केव्हा मिळेल हे न कळणारे धरत नाही. रक्कम हातोहात, दोन साक्षीदारांसमोर, सही किंवा अंगठा घेऊन द्यावी आणि हजेरीपट त्याच टेबलावर उघडा ठेवावा. सिएरा लिओनने एप्रिल २०१० मध्ये गरोदर व स्तनदा माता आणि पाच वर्षांखालील मुलांसाठी मोफत उपचार सुरू केले, त्याआधी आरोग्य कर्मचाऱ्यांचे वेतनपत्रक तपासून कागदावरचे बनावट कर्मचारी वगळले आणि खऱ्यांचे पगार वाढवले. मोफत उपचार जाहीर करून कर्मचाऱ्यांना उपाशी ठेवले असते, तर टेबलाखालून पैसे घेणे थांबले नसते, हे त्यामागचे साधे गणित होते.

याच्या उलट काय होते ते ऑगस्ट २०२१ नंतर अफगाणिस्तानात दिसले. सत्ताबदलानंतर परदेशी निधी गोठला, त्यावर चालणाऱ्या देशभरातील दवाखान्यांचे पगार आणि औषधे एकदम अडकली आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना आरोग्य कर्मचाऱ्यांपर्यंत थेट पैसे पोहोचवावे लागले. इमारती जागच्या जागी होत्या.

मानधनाबरोबर जोखीमही येते. बस्तरमध्ये बंद पडलेल्या शाळा पुन्हा उघडताना स्थानिक तरुणांना शिक्षादूत म्हणून नेमण्यात आले. गावची भाषा बोलणारा शिक्षक मिळाल्याने शाळा चालू लागल्या, परंतु ‘सरकारचा माणूस’ ठरवून माओवाद्यांनी त्यांच्यापैकी काहींची हत्या केली. म्हणून नेमणूक करताना उमेदवाराला आणि त्याच्या घरच्यांना धोक्याची कल्पना द्यावी, त्याचे छायाचित्र प्रसिद्धीला देऊ नये आणि त्याने नको म्हटल्यास पुन्हा आग्रह करू नये.

दवाखाना : थोडे, पण सर्वांना

सगळ्या सेवा एकदम सुरू करण्याचा प्रयत्न करणाऱ्या दवाखान्यात सहा महिन्यांनी एकही सेवा धड मिळत नाही. अफगाणिस्तानने २००३ मध्ये मूलभूत आरोग्य सेवांचा एक मर्यादित संच ठरवला, ज्यात माता व नवजात बालकांची काळजी, लसीकरण, पोषण, क्षयरोग व हिवतापासारखे संसर्गजन्य आजार, मानसिक आरोग्य, अपंगत्व आणि आवश्यक औषधे यांचा समावेश होता. लायबेरियाने २००७ मध्ये त्याच धर्तीवर आपला संच केला. आपल्या तुकडीने देशाचा संच असेल तर तोच चालवावा. पुण्यातील नामांकित रुग्णालयात जे होते ते येथे करून दाखवण्याची हौस बाजूला ठेवावी.

प्रमाणांसाठी स्फिअर मानके, म्हणजे आपत्तीतील मदतकार्याची आंतरराष्ट्रीय किमान मानके, हाताशी असावीत. साधारण १०,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र आणि अडीच लाखांमागे एक जिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय, हा त्यांचा किमान हिशेब आहे. पाण्याचा हिशेब बाह्यरुग्णामागे दिवसाला ५ लिटर आणि दाखल रुग्णामागे ४० ते ६० लिटर असा असून, पाण्याची व्यवस्था झाल्याखेरीज प्रसूतिकक्ष उघडू नये. औषधांची सुरुवात आंतरसंस्था आपत्कालीन आरोग्य संचाने करता येते. १०,००० लोकांना तीन महिने पुरेल अशी त्याची रचना आहे. हे तीन महिने पुढचा पुरवठा जिल्ह्याच्या भांडारातून सुरू करण्यासाठी मिळालेली मुदत समजावी.

विस्थापित कुटुंबे दाटीवाटीने राहत असतील तर पहिली मोहीम गोवराची घ्यावी, ६ महिने ते १५ वर्षे या वयोगटासाठी, आणि ६ ते ५९ महिन्यांच्या बालकांना सोबत अ जीवनसत्त्व द्यावे. नऊ महिन्यांआधी लस मिळालेल्या बाळाला नऊ महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा डोस लागतो, हे आईच्या कार्डावर ठळक लिहावे. लसीकरण थांबल्याची किंमत सीरियाने मोजली. २०१३ मध्ये देर एझ-झोर भागात पोलिओने पुन्हा डोके वर काढले.

लसीच्या शीतपेटीजवळ थोडे थांबू. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे आणि तापमानाची नोंद दिवसातून दोनदा, सुटीच्या दिवशीही, झाली पाहिजे. वीज गेलेल्या गावात जनरेटर आला की पहिले काही दिवस पेटी अतिथंड होण्याची भीती असते, कारण कोणीतरी ‘जास्त गार म्हणजे जास्त सुरक्षित’ समजून खटका शेवटपर्यंत फिरवतो. लसीच्या कुपीवर उष्णतेनुसार रंग बदलणारी खूण असते, तिच्यात वर्तुळाच्या आत एक चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर उष्णतेच्या दृष्टीने लस वापरण्याजोगी असते, दोन्ही रंग सारखे झाले किंवा चौकोन अधिक गडद झाला तर ती टाकून द्यावी. ही खूण उष्णतेचे नुकसान दाखवते, गोठण्याचे दाखवत नाही. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित) किंवा धनुर्वाताची लस गोठल्याचा संशय असेल, तर त्याच उत्पादकाची त्याच गटक्रमांकाची एक कुपी मुद्दाम गोठवून, वितळवून, संशयित कुपीबरोबर हलवून शेजारी ठेवावी. संशयित कुपीतील गाळ गोठवलेल्या कुपीइतक्याच वेगाने खाली बसला, तर ती लस देऊ नये. ही चाचणी तेथील परिचारिकेकडून करून घ्यावी, कारण आपण परतल्यावर पेटीजवळ तीच असणार आहे.

गावपातळीवरील कामासाठी महाराष्ट्राजवळ स्वतःचा दाखला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत विकसित केली आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. रुग्णालय दूर, रस्ता असुरक्षित आणि डॉक्टर दुर्मीळ, ही परिस्थिती संघर्षानंतरच्या बहुतेक जिल्ह्यांत असते आणि तेथे हीच पद्धत सर्वांत आधी उचलण्याजोगी आहे.

मनाच्या जखमांसाठी वेगळे केंद्र काढण्याची घाई नको. संघर्षग्रस्त लोकसंख्येत दर पाच माणसांमागे सुमारे एकाला नैराश्य, चिंता किंवा अन्य मानसिक विकार असतो, असा २०१९ मधील अंदाज आहे. इतक्या लोकांना ‘मानसिक केंद्रा’च्या पायऱ्या चढायला लावल्यास कोणी येणार नाही. साध्या बाह्यरुग्ण विभागातच परिचारिकेने झोप, भूक आणि भीती यांविषयी विचारावे आणि गंभीर रुग्ण पुढे पाठवावा. हातपाय गमावलेल्यांसाठी कृत्रिम अवयव बसवणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे, कारण वाढत्या मुलाला तो पुनःपुन्हा बदलावा लागतो. १९४४ पासून कार्यरत असलेले कृत्रिम अवयव केंद्र पुण्यातच असल्याने या विषयातील जाणकारांचा सल्ला निघण्यापूर्वी मिळवता येतो.

शाळा : पहिल्या दिवसापासून हजेरी

शाळा सुरू व्हायला छप्पर लागत नाही, ठरलेली वेळ लागते. तंबूत, झाडाखाली किंवा प्रार्थनास्थळाच्या ओसरीत रोज दोन तास वर्ग भरला तरी आईला बाजारात जाता येते आणि मूल सुरुंगाच्या शेतापासून दूर राहते. युनिसेफच्या शाळापेटीत एक शिक्षक आणि ४० मुले यांना पुरेल एवढे साहित्य असते. पाणी दर विद्यार्थ्यामागे दिवसाला ३ लिटर आणि शौचालये ३० मुलींमागे एक व ६० मुलांमागे एक, हे किमान प्रमाण आहे. मोठ्या मुलींसाठी आडोसा, कडी आणि पाणी नसेल तर सहावी-सातवीपासून त्यांची गळती सुरू होते.

हजेरीपट पहिल्या दिवशी उघडावा आणि त्यात नाव, जन्मवर्ष, आधीची शाळा, शेवटी उत्तीर्ण झालेली इयत्ता आणि पालकाचे नाव हे रकाने ठेवावेत. आपल्याकडे शाळा सोडल्याचा दाखला हरवला तर किती खेटे घालावे लागतात, हे प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. पळून आलेल्या कुटुंबाकडे तर काहीच कागद नसतो. अशा मुलाला दाखल्यासाठी दारात अडवू नये, छोटी चाचणी घेऊन योग्य वर्गात बसवावे आणि त्याच्या शिक्षणाला शिक्षण खाते मान्यता देईल का, हे पहिल्या सत्रातच लेखी विचारावे. मान्यता नसलेल्या वर्गात तीन वर्षे शिकलेल्या मुलाला परीक्षेला बसता आले नाही, तर ती वर्षे वाया गेल्याचा दोष आपल्याकडे येतो.

चौदा वर्षांचा मुलगा पहिलीत बसत नाही. युद्धाने ज्यांची शाळा चुकवली त्यांच्यासाठी वेगवर्ग चालवावे लागतात, ज्यात साधारणपणे दोन वर्षांचा अभ्यास एका वर्षात होतो आणि जे शेती किंवा मजुरीच्या वेळा सोडून भरतात. हा भाग देणगीदारांच्या नजरेतून नेहमी सुटतो, कारण छायाचित्रात लहान मुले अधिक गोड दिसतात. पुन्हा बंदूक उचलण्याच्या वयाची मुले मात्र याच वर्गात असतात.

काय शिकवायचे आणि कोणत्या भाषेत, हा निर्णय बाहेरून आलेल्यांनी घेऊ नये, पण त्याचे परिणाम ओळखून असावे. १९९९ मधील हिंसाचारात पूर्व तिमोरमधील बहुसंख्य शाळांची मोडतोड झाली, इंडोनेशियन शिक्षक निघून गेले आणि नव्या देशाने पोर्तुगीज व तेतुम या भाषा स्वीकारल्या, तेव्हा पोर्तुगीज न येणाऱ्या शिक्षकांवर ती शिकवण्याची वेळ आली. रवांडाने १९९४ च्या वंशसंहारानंतर इतिहासाचे अध्यापन काही वर्षे थांबवले, कारण जुन्या पुस्तकांनीच द्वेष पेरला होता. बोस्नियात परतणाऱ्या कुटुंबांच्या सोयीसाठी एकाच इमारतीत दोन समाजांच्या मुलांचे वेगळे वर्ग, वेगळे अभ्यासक्रम आणि कधी वेगळी प्रवेशद्वारेही ठेवण्यात आली. ‘एका छपराखाली दोन शाळा’ म्हणून ओळखली जाणारी ही तात्पुरती व्यवस्था दशके उलटूनही अनेक ठिकाणी उरली. तात्पुरते म्हणून जे मान्य कराल, ते कायमचे होईल असे धरूनच मान्य करावे.

शाळेत सशस्त्र दलाची तुकडी राहत असेल तर वर्ग सुरू करण्यापूर्वी ती हलवण्याची मागणी लेखी करावी. छत्तीसगडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सुरक्षा दलांना शाळा रिकाम्या करण्याचे आदेश दिले होते, याचा भारतात उपयोग होतो.

बांधकाम आणि सुपूर्दगी

बांधकामाविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते करणारे पुष्कळ असतात. जागा दोन्ही समाजांना निर्धोकपणे येता येईल अशी निवडावी, गवंडी व मजूर गावचेच घ्यावेत, चाकाच्या खुर्चीसाठी उतरत्या वाटा पहिल्याच आराखड्यात असाव्यात आणि वार्षिक दुरुस्तीचा खर्च कोण देणार याचे उत्तर मिळेपर्यंत पाया खणू नये.

सुपूर्दगीची तारीख मात्र पहिल्याच करारात लिहावी. पूर्व तिमोरमध्ये २००० साली प्रत्येक जिल्ह्यात एका संस्थेकडे आरोग्याची मुख्य जबाबदारी देण्यात आली आणि २००१ च्या अखेरीस ती टप्प्याटप्प्याने नव्या आरोग्य यंत्रणेकडे गेली, कारण संस्थांनी किती काळ राहायचे हे आधी ठरलेले होते. सुपूर्दगीच्या सहा महिने आधीपासून मानधनाचा काही वाटा खात्याच्या वेतनपत्रकावर नेण्यास सुरुवात करावी, औषधांची मागणी दवाखान्याच्या प्रमुखाच्या सहीने जिल्हा भांडाराकडे जावी आणि शीतपेटीच्या डिझेलचा व दुरुस्तीचा खर्च पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात आला आहे का, हे स्वतः पाहावे. शेवटच्या दिवशी देण्याच्या वस्तूंची यादी अशी : हजेरीपट, लसनोंदवह्या, औषधसाठ्याची कार्डे, कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, देणे असलेल्या रकमांचा तक्ता आणि किल्ल्यांचे दोन जुडगे, त्यांपैकी एक गाव समितीकडे.